सत्तेचाळीस नंबरचा सांधा

सोमवार, ६ जानेवारी २०२५

शेड पाडायला लागले! पहिली आमचीच, रंगखात्याची. शैलेशने मोबाइलवर दाखवलं. पिवळं मशीन कोलंबी सोलावी तसा पत्रा सोलतंय. मी म्हटलं, डोकं काढलंच आहे तर पाठीतला काळा दोरापण काढा, नाहीतर पोट बिघडेल. माझा मुलगा एरवी माझ्या असल्या बोलण्यावर हसतो. कंपनीच्या विषयावर हसत नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं. म्हणजे बोलायला. लिहिते वरच्या मजल्यावरची सिप्पोरा. कंपनीच्या ऑफिसात टाइपिस्ट होती. मला अक्षर येत नाही आणि तिला दुपारची झोप येत नाही, तेव्हा जोडी बरी जमली. तिची अट एकच — ती ज्यू, शुक्रवारी दिवे लागले की त्यांचा सुट्टीचा वार, शब्बाथ, मग शनिवार संपेपर्यंत पेन धरणार नाही. मी म्हटलं, बरं, माझी दुःखंपण तेवढी सुट्टी घेतील.

हेही लिहिलंस? कमाल आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

मी ‘हाय’ म्हणते, ही ‘आहे’ लिहिते. म्हणे कागदावर असंच बरं दिसतं. पंचवीस वर्षं साहेबांचं बोलणं सुधारून टाइप केलं, सवय जात नाही. असो. निदान कागदावर तरी मी शिकलेली दिसेन.

पाटीवर नाव होतं हेमकुंवर वॅगन अँड इंजिनिअरिंग. हेमकुंवर म्हणजे पहिल्या मालकाची आई. पनवेलमध्ये त्या बाईला कोणी ओळखलं नाही. सगळे म्हणायचे डब्याची कंपनी. मालगाडीचे डबे बनायचे म्हणून. बाहेरच्या माणसाला वाटायचं जेवणाचे डबे!

दिवा स्टेशनहून रेल्वेची लाइन आली त्यानंतर दोन वर्षांनी पळस्प्याच्या अंगाला कंपनी उभी राहिली. भाताची शेतं होती तिथे. पहिला डबा बाहेर पडला तेव्हा त्याला झेंडूचं तोरण, पुढे नारळ, आणि डब्याच्या पोटात बसून भटजी. मी तेव्हा नव्हते. फार लांब नव्हते हो, उरणला होते — पण लग्न व्हायचं होतं. माझ्या नवऱ्याने, विठूने सांगितलं ते सांगते. तो त्या पहिल्या डब्याच्या रिव्हेट-टोळीत होता. एकजण भट्टीत रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे जाड खिळे, लाल करायचा आणि चिमट्याने वर फेकायचा, दुसरा बादलीत झेलायचा. विठू झेलणारा. लग्नात मी त्याचे हात बघितले, डागच डाग. मला वाटलं देवी आल्या होत्या हातावरच. माहेरी बातमी गेली, सोनीचा नवरा आगीचे गोळे झेलतो. आई म्हणाली, मग तुझं तोंड झेलेल.

झेललं. पुष्कळ झेललं.

गुरुवार, ९ जानेवारी

मालकाची नात आली होती. हेतल. मुंबईची, केस कापलेले, पण पाया पडली. पाडापाडी होऊन तिथे गोदाम होणार, त्याआधी कंपनीच्या इतिहासाचं पुस्तक काढतेय. जुन्या कामगारांना भेटते. मी विचारलं, फोटो काढशील का? हो म्हणाली. मग मी दात घातले.

तिला सगळं सांगितलं. आम्ही बायका कशा लागलो — पुरुषांना रंगाने खोकला व्हायचा म्हणून. बायकांना होत नाही असं मालकांना कोणी सांगितलं होतं देव जाणे. पत्र्यात अक्षरं कापलेले फर्मे डब्यावर दाबून धरायचे आणि वरून पांढरा रंग. नंबर, वजन, कुठल्या रेल्वेचा ते. सोळा वर्षं! मी म्हटलं, पोरी, मी हिंदुस्तानभर लिहून ठेवलंय, फक्त काय लिहिलं ते मला माहीत नाही. ती खूप हसली. वहीत टिपून घेतलं.

निघताना नवऱ्याचं नाव विचारलं. सांगितलं. तिचा पेन थांबला. ते मी बघितलं.

शुक्रवार, १० जानेवारी

घाईत. सिप्पोराला वर जाऊन दिवे लावायचेत. हेतलने पुस्तकाची कच्ची पानं पाठवलीत, शैलेशच्या फोनवर. मी म्हटलं वाच. तो म्हणाला, डोळे दुखतात. त्याचे डोळे उरणच्या खाडीपलीकडची बोट ओळखतात.

रविवार, १२ जानेवारी

सिप्पोराने वाचलं. तिनेही आधी चष्मा नाही म्हणून बघितलं, चष्मा डोक्यावरच होता.

पुस्तकात सगळं आहे. किती डबे झाले, कोण मंत्री आले, वेल्डिंग कधी आलं. आणि एका पानावर ही ओळ. मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतली, आता पाठ आहे — ‘१९८७च्या घाटातील अपघातात तुटलेला सांधा ४७ क्रमांकाच्या वेल्डरच्या, विठू सोनू पाटील यांच्या, निष्काळजीपणामुळे सदोष राहिल्याचे चौकशीत सिद्ध झाले, या अपघातानंतर कंपनीच्या मागण्या घटल्या आणि अखेर १९९१ साली कारखाना बंद झाला.’

म्हणजे लोक तोंडाने बोलत होते ते आता पुस्तकात. लोक मेले की बोलणं मरतं. मी त्याच भरवशावर होते. रांगेत एकेक जाणार, शेवटचा गेला की विठू सुटणार. पुस्तक कधी मरतं?

विठू जाऊन एकोणतीस वर्षं झाली. मयताला कंपनीतले चारजण आले होते. सहाशेतले चार.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारणी तिळगूळ देऊन गेल्या, गोड बोला म्हणाल्या. बोलले नाही. दातात अडकलाय सांगितलं.

गुरुवार, १६ जानेवारी

आता नीट सांगते, कारण मला खरं माहीत आहे.

रिव्हेट जाऊन वेल्डिंग आलं तसा विठूही वेल्डर झाला. प्रत्येक वेल्डरला एक पोलादी ठसा असायचा. सांधा झाला की शेजारी ठसा ठेवून हातोडा मारायचा. म्हणजे डबा कलकत्त्यात मोडला तरी कळायचं कोणाचं काम. विठूचा ठसा सत्तेचाळीस. अपघातानंतर तुटलेला लोखंडी तुकडा आणला, त्यावर सत्तेचाळीस. संपलं. विठूला काढलं. लाइनवर काम करणारे दोन गँगमन गेले होते त्यात. पोरांनी शैलेशला शाळेत नाव पाडलं — तुटका सांधा.

पण ठशाची एक रीत होती, ती साहेबांना माहीत नव्हती. सणाला कोणी रजा न घेता घरी गेला की ठसा जोडीदाराकडे. जोडीदार स्वतःचं काम करून मध्ये मध्ये त्याचाही ठसा उठवायचा. माणूस हजर! सगळे करायचे. विठूचा जोडीदार जीवन. आणि तो डबा बनला नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात. मला पक्कं माहीत आहे, कारण चौकशीच्या वेळी तारीख निघाली होती, आणि त्या पौर्णिमेला विठू माझ्या भावाच्या होडीवर होता उरणला. सोन्याचा नारळ त्यानेच धरला होता. जरा चढवली होती, तेव्हा तोल जाऊन नारळाबरोबर स्वतःही दर्याला वाहिला गेला. चौघांनी काढला!

तेव्हा तो सांधा विठूचा नाही. जीवनचा. हे मी तेव्हाच ओळखलं. विठूला म्हटलं, बोल जाऊन. तो म्हणाला, ठसा माझा आहे ना, मग झालं. किती भांडले मी. भित्रा म्हटलं. नऊ वर्षं रोज भित्रा म्हटलं, जेवण वाढताना, अंथरूण घालताना. तो मान खाली घालून जेवायचा.

सिप्पोरा, पाणी दे.

रविवार, १९ जानेवारी

शैलेशशी वाजलं. तो द्रोणागिरीला कंटेनरच्या यार्डात आहे, तिथे सगळ्यांना सांगितलंय वडील रेल्वेत होते. म्हणतो, आई, ते पुस्तक वाचतंय कोण, शंभर प्रती काढणार, आणि तू ढवळून वर आणतेस. मी म्हटलं, तुझ्या बापाचं नाव गाळात आहे, ढवळल्याशिवाय वर कसं येईल. किशोरी मध्ये पडली. सून गुणाची आहे, नवऱ्याची बाजू घेते आणि मला चहा देते.

रात्री शैलेश जेवला नाही. लहानपणी शाळेतून आला की असाच बसायचा.

बुधवार, २२ जानेवारी

हेतलचा फोन. आवाज गोड, पण आतून वेल्डिंग केलेला. आजी, ते डॉक्युमेंटेड आहे, मी नुसतं ऐकून बदलू शकत नाही. मग म्हणाली, त्या दिवशी कामावर असलेल्या कोणी सही करून दिलं तर ओळ काढते. पुस्तक तीन फेब्रुवारीला छापायला जातंय.

म्हणजे जीवन. जिवंत आहे, खांदा कॉलनीत मुलाकडे. ज्याच्या तोंडाकडे मी अडतीस वर्षं बघितलं नाही. त्याच्या बायकोच्या मयतालाही गेले नाही. आता सहीसाठी जायचं. देव काही विनोदी कमी नाही.

सोमवार, २७ जानेवारी

सिप्पोरा बरोबर चल म्हटलं तर म्हणाली गुडघा धरलाय. किशोरीने रिक्षाने सोडलं.

जीवन खिडकीपाशी खुर्चीत होता. एवढासा झालाय. नाकात नळी. ज्याला शिव्या द्यायला आले तो शिव्यांना पुरेल एवढाही उरलेला नाही. तरी मी म्हटलं, काय रे, अजून श्वास घेतोस की तोही कोणी दुसरा घेतो तुझ्या नावावर? तो हसला, आणि त्याला खोकला लागला. सून कीर्ती धावत आली. ती गेल्यावर मी कागद काढला. सिप्पोराने लिहून दिलेला होता.

तो म्हणाला, “वैनी, सही करतो. त्या दिवशी सत्तेचाळीस मीच ठोकला. पन आधी समदं ऐक, मग कागद दे.”

सांगते तसं लिही, सिप्पोरा. थांबू नकोस.

त्याने जोडलेला सांधा थंड झाल्यावर चिरला. केसाएवढी चीर. तपासणीला नवीन साहेब आला होता, महिनाही झाला नव्हता. त्याने ती पकडली. डब्याखाली वाकून सांध्यावर खडूने लिहून गेला — इंग्रजीत — तोडून परत जोडा. जीवन दुसऱ्या दिवशी करणार होता. दुसरी पाळी असल्याने दुपारी आला, तर डबा रंगून, नंबर पडून, गाडीला लागला होता. खडू कुठेच नाही.

मी म्हटलं, मग रंगवला कोणी, तपासणीची फुली दिसली नाही का त्यांना?

त्याने नाकातली नळी सरळ केली. मग म्हणाला, “विठू तीन दीस उरनला होता. तू दुसऱ्याच दिवशी पयल्या एस्टीने आलीस. बारा डबे जायाचे होते.”

आले होते. रंगखात्यातल्या गोदूबाईचा निरोप आला होता, माणसं कमी आहेत, ये. खरं आहे.

रंगाच्या आधी रॉकेलच्या फडक्याने डबा पुसायचा. डब्यावर काय नसायचं! मापं, नावं, मुकादमाला शिव्या, क्रिकेटचे आकडे. सगळं खडूने. आम्हाला एकच खूण शिकवली होती — जुना तपासणीवाला तळहाताएवढी फुली मारायचा. फुली दिसली की हात मागे. बाकी जे काही लिहिलेलं ते घाण, पुसायचं. नव्या साहेबाला कोणी सांगितलं नाही की रंगखात्यातल्या एकाही बाईला वाचता येत नाही. आम्हाला कोणी सांगितलं नाही की नवा साहेब फुली मारत नाही, अक्षरं लिहितो.

आणि डब्याखाली मीच शिरायचे. बारकी होते म्हणून. सोळा वर्षं खालची चौकट माझीच, दुसरी कोणी वाकायची नाही.

मला तो डबा आठवत नाही. डोकं फोडलं तरी आठवत नाही. हजारो पुसले, हा कुठला ते आठवत नाही. तोंडाने गाणं म्हणत पुसला असेल.

मी विचारलं, विठूला कधी कळलं. जीवन म्हणाला, चौकशी लागली तेव्हा त्याने स्वतः सांगितलं, मी कबूल करतो म्हणून. विठूने त्याचा हात धरला. “बोल्ला, तू तोंड उघडलंस तर खडू निघंल. खडू निघाला तर पुसला कोनी ते निघंल. दोन मानसं मेलीत, जीवन. तिला कळलं तर ती जगायची नाय.”

भित्रा म्हटलं मी त्याला. वाढताना. रोज.

जीवनने सहीसाठी हात पुढे केला. मी कागद परत पिशवीत घातला. रिक्षात किशोरीने विचारलं, काम झालं? मी म्हटलं, झालं.

मंगळवार, २८ जानेवारी

काही नाही.

बुधवार, २९ जानेवारी

आजही नाही. सिप्पोरा येऊन बसली, आम्ही दोघी भिंतीकडे बघितलं. भिंत बरी आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

शैलेश कामावर जाताना पायाशी बसला. किशोरीने काहीतरी सांगितलं असणार. म्हणाला, आई, करायचं असेल तर कर, मी यार्डात सांगेन माझे वडील कोण ते. एवढ्या वर्षांनी! आणि मला त्याच्याकडे बघता येईना.

आता मनातलं सांगते, कारण या कागदाशिवाय कोणाला सांगू. जीवनची सही घेतली की पुरे. विठू सुटतो. जीवनचं काय, त्याच्या नाकात नळी आहे, त्याला आता कोण बोलणार. खडूचं कोणाला माहीत नाही. अर्धं खरं सांगितलं तर सगळ्यांचं भागतं. शैलेशचंही. हे मी दोन दिवस घोळवतेय, आणि मला ते आवडतंय. स्वतःची किळस येते, तरी आवडतंय.

त्या दोन गँगमनची नावं मी कधी विचारली नाहीत. अडतीस वर्षांत एकदाही नाही. मला ते दोघं म्हणजे विठूवर पडलेलं ओझं वाटायचे, माणसं वाटलेच नाहीत. आज सिप्पोराला म्हटलं, कुठे मिळतील का गं नावं? तिने दोन्ही लगेच सांगितली. वडिलांच्या नावासकट, गावासकट. एकाचं वय बावीस.

मी म्हटलं, एवढं कसं लक्षात? ती म्हणाली, पुरे आजचं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सिप्पोरा आली नाही. किशोरी लिहितेय, वेडंवाकडं दिसेल. जेवण जात नाही. बस्.

रविवार, २ फेब्रुवारी

सिप्पोरा आली. मी सांगितलं, हेतलला पाठवायचं पत्र घे — सांधा जीवनने जोडला, साहेबाने खडूने लिहिलं, आणि ते सोनाबाई विठू पाटील हिने पुसलं. सिप्पोराने पेन खाली ठेवला. म्हणाली, चौकशीचं ते पान मी दोनदा टाइप केलं होतं, सोनाबाई. पहिल्यात साहेबाचा खडू होता. मॅनेजर म्हणाले, खडू दिसला तर दोष कंपनीवर येईल, ठसाच राहू दे. दुसरं पान टाइप करत होते तेव्हा विठू टेबलासमोर उभा होता, मी एक अक्षर चुकवू नये म्हणून. मी पेन उचलून तिच्या हातात दिला. मग तिला म्हटलं, बस, आता तिसऱ्यांदा कर.